ई-संजीवनी या सरकारच्या ऑनलाइन दवाखान्यात भेटलेल्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचा पत्ता माझ्याकडे नाही. चिठ्ठीवर तुमचं नाव आणि नोंदणी क्रमांक आहे, पण विचारल्याशिवाय कुणाचं नाव चारचौघांत घेऊ नये, म्हणून इथे लिहीत नाही. १२ जानेवारी २०२२, बुधवार. भोसरीतली एक बाई मोबाईलवर तुमच्यासमोर आली होती, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, मागे कुकरच्या शिट्ट्या. ती मी. तुम्हाला आठवायचं कारण नाही. त्या आठवड्यात तुमच्यापुढून अशी किती तोंडं गेली असतील.

सोमवारी रात्री अंग मोडून आलं. मंगळवारी तशीच ड्यूटी केली, ती माझी चूकच. बुधवारी पहाटे थुंकीसुद्धा गिळवेना. ह्यांनी मेडिकलमधून घरीच कोरोना तपासायचं अडीचशेचं कोव्हिसेल्फचं किट आणलं, आपल्या पुण्याच्याच मायलॅबचं. नाकात काडी फिरवली, थेंब टाकले, पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत बसले. ‘सी’पुढची रेघ ठळक आली. ‘टी’पुढे, कोरोना असला तर जिथे रेघ येते तिथे, काहीतरी होतं. खिडकीपाशी नेलं की दिसायचं, ट्यूबखाली धरलं की गायब.

आमच्या जवळच्या दवाखान्यात फोन केला. कंपाउंडर म्हणाला, पॉझिटिव्ह असेल तर येऊ नका. मग फोनवरच चिठ्ठी द्याल का विचारलं, तर म्हणाला तसलं आम्ही देत नाही. कंपनीत कळवलं. एचआरच्या मुलाने सांगितलं की आरटीपीसीआरचा, म्हणजे लॅबमधल्या कोरोना टेस्टचा रिपोर्ट आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट दोन्ही लागेल, नाहीतर रजा बिनपगारी. माझा पगार एकवीस हजारांच्या जरासा वर गेला तेव्हापासून ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, बंद झालाय, त्यामुळे तोही दरवाजा नाही. पगारवाढीचे पेढे वाटले होते मी तेव्हा.

ई-संजीवनीचं माझ्या जावेने सांगितलं. ती गावाकडे आशाताई आहे. मोबाईल नंबर टाका, ओटीपी येतो, टोकन मिळतं, पैसे लागत नाहीत. खरं सांगते, फुकट आहे म्हटल्यावर माझा विश्वास निम्म्याने कमी झाला. माझ्यापुढे अकरा जण होते. नंबर लागेपर्यंत मी पलंगावर पडून मोबाईलला चार्जर लावून धरला होता, मध्येच बंद पडू नये म्हणून.

तुम्ही आधी किट कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितलंत. मी म्हटलं, मॅडम, रेघ नीट आलेली नाही, पुसट आहे. तुम्ही म्हणालात, “पुसट असली तरी रेघच आहे ना. पॉझिटिव्ह आहे.” आणि पुढे, “आता आरटीपीसीआरसाठी रांगेत उभ्या राहू नका. किट निगेटिव्ह आलं असतं आणि हा असा ताप असता, तर मी स्वतः पाठवलं असतं.” सकाळपासून ज्याला त्याला ती पट्टी दाखवत होते. कुणी आहे म्हणे, कुणी नाही म्हणे. तुमच्या एका वाक्याने तो घोळ मिटला.

मग मोबाईल डब्यांना टेकवून ठेवायला लावलात, छाती दिसेल असा, आणि म्हणालात, आता बोलू नका. पूर्ण एक मिनिट तुम्ही माझा श्वास मोजलात. तुमची नजर माझ्यावरून घड्याळावर, घड्याळावरून माझ्यावर. मागे रांग लागलेली असताना कुणीतरी आपल्याकडे एक मिनिट गप्प बसून बघतंय, हे मला नवीन होतं. अठरा भरले. चोवीसच्या वर गेले तर थांबायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं, असं बजावलंत. ऑक्सिमीटर शेजारच्या काकूंनी रुमालात बांधून दाराच्या कडीला अडकवला होता. तो लावायच्या आधी बोटाचं नेलपेंट पुसा म्हणालात. संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी हौसेने लावलं होतं, ते खोबरेल तेल आणि नखाने खरवडून काढलं. सत्त्याण्णव.

माझ्या डोक्यात अजून एप्रिल २०२१ होता. तेव्हा धाकट्या दिरासाठी आम्ही रात्री दोन वाजता रेमडेसिविर इंजेक्शनच्या रांगेत उभे होतो. म्हणून मी विचारलं, सीटी स्कॅन करू का, इंजेक्शनची सोय करून ठेवू का. तुम्ही हसलात आणि इतका वेळ जपून वापरलेली पुस्तकी मराठी तेवढ्यापुरती सुटली, “घाबरता कशाले?” म्हटलं, मॅडम तिकडच्या आहेत, विदर्भातल्या. का कोण जाणे, त्यानंतर घसा तेवढाच दुखत होता पण रडू यायचं थांबलं. गोळी ताप असेल तरच, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. तासाभरात तीनदा ऑक्सिजन त्र्याण्णव किंवा खाली दिसला, छातीत दाब वाटला किंवा मी असंबद्ध बोलायला लागले, तर वाट बघायची नाही. हे शेवटचं ह्यांना कॅमेऱ्यासमोर बोलावून सांगितलंत, कारण असंबद्ध बोलणाऱ्याला स्वतःचं कळत नाही. सहा मिनिटं चालून पुन्हा ऑक्सिजन बघायलाही सांगितलंत. आमची खोली अकरा पावलांची. दाराबाहेरून मुलगा मिनिटं मोजत होता आणि मी भिंतीपासून भिंतीपर्यंत. शहाण्णव आला.

पण मी पत्र लिहितेय ते तुमच्या पुढच्या प्रश्नामुळे. “काम काय करता? बसून की उभ्याने?” मी म्हटलं, फायनल इन्स्पेक्शनला आहे, आठ तास उभ्याने. रजेचं बोलायला मला लाज वाटत होती. डॉक्टरला औषध विचारावं, रजा मागितली की माणूस कामचुकार वाटतो. तुम्ही मागायची वेळच येऊ दिली नाहीत. चिठ्ठीवर सल्ल्याच्या जागी इंग्रजीत लिहिलंत, १२ ते १८ जानेवारी घरीच विलगीकरण आणि विश्रांती, शेवटचे सलग तीन दिवस ताप नसल्यास १९ पासून कामावर जाण्यास हरकत नाही, पुन्हा टेस्टची गरज नाही. आणि मला म्हणालात, केंद्राचे ५ जानेवारीचे नियम असेच आहेत. कंपनीने फोनवरचं चालत नाही म्हटलं तर सांगा, २५ मार्च २०२० पासून देशात चालतं, खाली माझा नोंदणी क्रमांक आहे, त्यावरून डॉक्टर खरी की खोटी ते बघून घ्या.

एचआरचा मुलगा अगदी तेच म्हणाला, फोनवरचं चालत नाही. १९ तारखेला निगेटिव्ह रिपोर्टही मागितला. मी तुमची वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली, नोंदणी क्रमांकावर बोट ठेवलं. तो कागद घेऊन आत गेला, अर्ध्या तासाने आला आणि म्हणाला, झेरॉक्स जमा करा.

एक मात्र लिहायलाच हवं. लाईनवर माझ्या शेजारी उभी राहते ती पोरगी ठेकेदाराकडची. तिलाही त्याच आठवड्यात ताप होता. मी तिला ई-संजीवनीचं सांगितलं, तर म्हणाली, “ताई, चिठ्ठी मिळेल हो. दाखवू कुणाला?” तिला रजाच नाही. क्रोसिन घेऊन, मास्क वर ओढून ती रोज आली. मला पगारी रजा मिळाली याचा आनंद झाला, पण तिच्यासमोर तो दाखवता आला नाही. तुमच्या चिठ्ठीला यावर इलाज नाही, माहीत आहे. तरी तुम्ही विचारलंत ना, काम काय करता म्हणून? म्हणून तिचंही सांगितलं.

आज ७ फेब्रुवारी, पगाराची पावती हातात आली. गुरुवारची सुट्टी सोडून आजारपणाची रजा सहा दिवस, कपात शून्य. घरी आल्यावर मुलाने ती मोठ्याने वाचली, कारण सहा मिनिटं मोजल्यापासून त्याला वाटतं की या आजारपणाचा सगळा हिशेब त्याच्याकडे आहे.

यंदा संक्रांतीला हळदीकुंकू झालं नाही. लाडू मी उठल्यावर केले, पाक जरा पुढे गेला त्यामुळे कडक झालेत. आज रथसप्तमी, तिळगूळ आजपर्यंतच देता येतो, म्हणून रात्रीचं जेवण उरकून घाईने लिहायला बसले. तुमच्या वाटचे दोन लाडू डब्यात वेगळे ठेवलेत. तिळगूळ घ्या, मॅडम.

तुमची,
भोसरीची बारावी टोकनवाली