बटन दाबलं की सनई वाजते, पण त्या बटनात सनई बसवतं कोण?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत लग्नातल्या वाजंत्र्यांवर लेख आला होता. लेख चांगला होता, सनई वाजवणारी घरं कमी व्हायलीत हे लिहिलं ते खरंच आहे, आमच्या जिंतूर भागात पण तेच चित्र आहे. पण त्यात लिहिलं होतं की आता काय, कीबोर्डवर बटन दाबलं की सनई वाजते, वादकाला काही करावं लागत नाही. मी सतरा वर्षं झाली परभणी, हिंगोली, नांदेडकडं ऑर्केस्ट्रात आणि भीमगीतांच्या ग्रुपमधी कीबोर्ड वाजवायलोय, लग्नसराईत हळदीचे कार्यक्रम पण करतो, आणि ते वाचून मला लई वाईट वाटलं म्हणून हे पत्र लिहायलोय. लांब झालं तर कापा, पण बटनाचं जे लिहिलंय ते ठेवा.

पहिले हे सांगतो की कंपनीतून जी सनई येते ती आपली सनई नसतेच. जगभरच्या कीबोर्डला जनरल मिडी म्हणून एक यादी ठरवून दिलीय, १९९१ पासून, त्यात १२८ आवाज आहेत. त्यात सतार १०५ नंबरला, सनई एकदम ११२ ला, तिथं तिचं नाव शनाई असं लिहिलेलं असतं. १०६ ला बँजो आहे पण तो अमेरिकेतला तारा छेडायचा बँजो, आपल्या बँजो पार्टीतला टाइपरायटरसारखी बटनं असलेला बँजो नाही. नवीन पोरं हमखास तिथं फसतात, बँजो लिहिलेलं बघून लावतात आणि मग म्हणतात आवाज असा काहून यायला. हार्मोनियम त्या यादीत नावानं नाहीच, रीड ऑर्गन म्हणून २१ ला आहे. संबळ, हलगी, ढोलकी तर त्या यादीत शोधूनबी सापडणार नाही. भारतासाठी काढलेल्या मॉडेलात तबला, तानपुरा असं बरंच मिळतं, तेवढं बरं झालं, पण ते पण जसंच्या तसं वाजवलं तर गाण्यात बसत नाही.

मग सनईचं बटन, म्हणजे आवाज जुळवून कीबोर्डात सेव्ह केलेली जागा, कसं तयार होतं ते सांगतो. आधी टच बंद करायचा, कारण सनई काय पट्टी जोरात मारल्यानं जोरात वाजत नाही, ती फुंकेवर चालते, आणि टच चालू ठेवला तर हळू बोट पडलेला सूर मधीच गायब होतो. मग वरच्या सप्तकात तो आवाज मच्छर गुणगुणल्यासारखा पातळ लागतो म्हणून त्याच्या खाली क्लॅरिनेट ड्युअलमधी, म्हणजे दोन आवाज एकत्र वाजायच्या सोयीत, अगदी बारीक आवाजात लावायचा, एवढा बारीक की ऐकणाऱ्याला क्लॅरिनेट म्हणून कळला नाही पाहिजे. मग स्प्लिट करायचं, म्हणजे डाव्या आणि उजव्या हाताला वेगवेगळा आवाज द्यायचा. खऱ्या सनईवाल्यांत एक जण वाजवतो आणि दुसरा नुसता सूर धरून बसतो, तो सूर धरणारा माणूस कीबोर्डात नाही, म्हणून डाव्या हाताला तो सूर लावून ठेवायचा. पिच बेंडची, म्हणजे सूर वर-खाली ओढायच्या सोयीची, रेंज बघायची, मींड किती ओढायची त्याप्रमाणं. आणि रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा. शाळेच्या मैदानात कार्यक्रम असला तर आवाज हवेत उडून जातो तिथं रिव्हर्ब थोडा वाढवावा लागतो, आणि पत्र्याच्या मंगल कार्यालयात आधीच एवढा घुमतो की रिव्हर्ब जवळपास बंदच करावा लागतो, म्हणून माझ्याकडं एकाच सनईची दोन बटनं आहेत, एक मैदानाचं आणि एक पत्र्याचं. हे सगळं झाल्यावर शेवटी आवाजाची लेव्हल, कारण सनईवरून बासरीवर गेलं की बासरी दबली नाही पाहिजे आणि बासरीवरून ब्रासवर गेलं की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांनी कानावर हात ठेवले नाही पाहिजेत. हे घरी हेडफोन लावून कळतच नाही, मोठ्या स्पीकरवरच कळतं, म्हणजे एका कार्यक्रमात चुकलं ते दुसऱ्या कार्यक्रमाच्या आधी सुधारायचं असं करत करत एक बटन पक्कं व्हायला सहा-सात कार्यक्रम जातात.

माझ्या कीबोर्डवर आठ बँका आहेत आणि प्रत्येक बँकेत चार बटनं, म्हणजे ३२ जागा. त्यातल्या २८ मी भरल्या होत्या. आमच्या ग्रुपच्या ताई काळी चारला गातात आणि दादा काळी एकला, त्याप्रमाणं ट्रान्सपोजसकट, म्हणजे त्या-त्या पट्टीला सूर वर-खाली करून, सेव्ह केलेलं होतं. यात पण एक भानगड असते, ती मला स्टेजवरच कळली. बटनात नुसता आवाज सेव्ह होत नाही, त्याच्यासोबत ताल, लय, ट्रान्सपोज सगळंच सेव्ह होतं. मी चालू गाण्यात बासरीसाठी बटन दाबलं आणि ताईंची पट्टीच बदलली, त्या गात होत्या एका सुरात आणि मी वाजवायलो दुसऱ्या. त्या दिवशीची त्यांची नजर मला अजून आठवते. मोठ्या मॉडेलात फ्रीझ नावाची सोय असते, ती चालू केली की लय आणि ताल जागेवर राहतात आणि फक्त आवाज बदलतो, पण ज्याच्यात नाही त्यानं एका गाण्याला लागणारी सगळी बटनं एकाच पट्टीत आणि एकाच लयीत सेव्ह केलेली बरी, मी आता तेच करतो.

आता मुद्द्याची गोष्ट. मागच्या वर्षी मार्च संपता संपता माझ्या कीबोर्डच्या तीन पट्ट्या वाजेनात. धूळ जाते आत, पट्टीच्या खाली रबर असतं त्याचा कॉन्टॅक्ट लागत नाही, आमच्याकडं उन्हाळ्यात हे होतंच. एका दुकानात रिपेअरला दिला, दुकानाचं नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही आणि रबरचं काम त्यानं चांगलंच केलं. १० एप्रिलला कीबोर्ड घरी आला, पट्ट्या सगळ्या वाजायल्या, मी खुश. बँक तीन, बटन दोन दाबलं, तर सनई नाहीच. दुसरं दाबलं, ते पण नाही. सगळं गेलेलं. फोन केला तर म्हणे काही नाही केलं, काम झाल्यावर सगळ्यात वरची पांढरी पट्टी दाबून चालू केला फक्त, रिसेट मारला. त्याला ते फक्त वाटलं, माझी चार वर्षांची बटनं होती ती. आणि १३ एप्रिलच्या रात्री जयंतीचा कार्यक्रम, गाव पूर्ण जमणार.

तीन रात्री बसलो. बायको म्हणाली झोपा आता, पण झोप कशाची येते. नऊ बटनं जमली, तेवढीच. बाकीचे आवाज स्टेजवर नंबर टाकून शोधत होतो, अंतऱ्याच्या आधी म्युझिकची जागा येते तिथं ताई माझ्याकडं बघत थांबल्या, ढोलकीवाल्यानं दोन आवर्तनं जास्तीची वाजवून सांभाळून घेतलं. लोकांनी काही म्हटलं नाही, पण मला माहीत होतं की तिथं सनई यायला पाहिजे होती आणि आली नाही.

चूक माझी पण आहे हे मान्य करतो, मी काहीच लिहून ठेवलेलं नव्हतं आणि बॅकअप पण नव्हता. पण ते मला कोणी शिकवलंच नाही साहेब. क्लासमधी गाणी शिकवतात, कॉर्ड शिकवतात, सेव्ह कसं करायचं हे एका दिवसात आटपतात आणि सांभाळायचं कसं हे तर कोणीच सांगत नाही. पुस्तिका इंग्रजीत. माझ्या कीबोर्डवर मेमरीचं बटन धरून नंबर दाबला की सेव्ह होतं, पण त्या नंबरवर आधीचं काही असलं तर ते विचारत नाही, सरळ पुसून टाकतं आणि परत आणता येत नाही. सिंथेसायझरवर, म्हणजे ज्यात आवाज स्वतः घडवता येतो त्या कीबोर्डवर, अजून वेगळं, तिथं आवाजात बदल केला की स्क्रीनवर चांदणीची खूण येते, म्हणजे हे अजून कच्चं आहे, राईट, म्हणजे सेव्ह, न करता दुसऱ्या आवाजावर गेलात की केलेलं सगळं गेलं. कोणत्या बटनाला कोणता आवाज लावायचा हे बदललं तरी तेच, राईट केलं नाही तर बंद करून चालू केल्यावर जुनंच समोर येतं. आणि स्क्रीनवर रायटिंग दिसत असताना लाईट गेली तर मेमरीच बिघडू शकते, आपल्याकडं उन्हाळ्यात लाईट कधी जाईल त्याचा भरवसा नाही, म्हणून ज्या कीबोर्डात सेल बसतात त्यांनी सेलवर चालवूनच सेव्ह करावं.

ही सेव्ह करायची सोय वादकांना फुकटात मिळालेली नाही. सिंथेसायझर आले तेव्हा त्याला मेमरीच नव्हती, वादक कागदावर नॉबची चित्रं काढून ठेवायचे, कोणता नॉब किती फिरवलाय ते, आणि प्रत्येक गाण्याच्या आधी त्याप्रमाणं फिरवायचे. १९७८ ला अमेरिकेत डेव्ह स्मिथ या माणसानं प्रॉफेट-५ बनवला, त्यात स्वतः तयार केलेले ४० आवाज सेव्ह करता यायला लागले, एक बटन दाबलं की आवाज हजर. १९८३ ला यामाहाचा डीएक्स-७ आला त्यात ३२ आवाज बसायचे, पण ते आतल्या छोट्या सेलवर टिकून असायचे, सेल मेला की आवाज पण गेले. म्हणजे तेव्हापासून आजपर्यंत मेमरी जाते ती जातेच, कागद मात्र राहतो. मी पण आता दोनशे पानी वही केलीय, प्रत्येक बटनाला एक पान, आवाजाचा नंबर, लेव्हल, सप्तक, रिव्हर्ब, पट्टी, कोणत्या गाण्याला लागतं ते. आणि केबल लावून भाच्याच्या लॅपटॉपवर बॅकअप पण ठेवलाय. काही मॉडेलात पेनड्राईव्ह लागतो, ते अजून सोपं.

माझं रिपेअरवाल्यांना हात जोडून एवढंच सांगणं आहे की रिसेट मारायच्या आधी एक फोन करा. मोबाईल फॉरमॅट करताना तुम्ही विचारता ना, फोटो आहेत का म्हणून, तसंच हे. बॅकअप घ्यायला जो वेळ लागेल त्याचे पन्नास-शंभर रुपये वेगळे घ्या, आम्ही देऊ. क्लासवाल्या सरांनी पण निदान दोन दिवस या विषयाला द्यावेत, पोरांकडून वही करून घ्यावी.

आणि साहेब, तुम्हाला विनंती अशी की तुमच्या पुरवणीत मोबाईलबद्दल दर आठवड्याला माहिती येते तशी महिन्यातून एकदा वाद्यांबद्दल पण येऊ द्या, सोप्या मराठीत. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, साउंड सिस्टीम, यावर खेड्यापाड्यात शेकडो पोरं पोट भरायलीत आणि एकमेकांना विचारून विचारून शिकायलीत. पहिला लेख सेव्ह आणि बॅकअपवर घ्या, लिहायला कोणी नसलं तर मी वही घेऊन तुमच्या परभणीच्या ऑफिसला येतो, तुमचा माणूस लिहून घेईल. फक्त तुळशीच्या लग्नाच्या आधी छापा, त्यानंतर आम्हाला पेपर वाचायला पण वेळ मिळत नाही.

आपला नेहमीचा वाचक,
एक कीबोर्ड वादक
ता. जिंतूर, जि. परभणी