सायकलचा छंद फक्त श्रीमंतांचा?

सायकलिंग हा आता लाखभर रुपयांचा छंद झाला आहे, असा सूर लावणारा रविवारच्या अंकातील लेख अर्धाच पटला. महागड्या सायकली दिसतात, हे खरे. पण ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीत, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करायचे असतात. तिथे पहिला-दुसरा क्रमांक नसतोच. नीट राखलेली साधी सायकलही पुरते. गेल्या महिन्यात कात्रज घाटाच्या पायथ्याशी माझे चाक पंक्चर झाले. ठिगळ होते, पंप विसरलो होतो (माझी सायकल महागातली, हेही कबूल करतो). एका दूधवाल्या काकांनी कॅन उतरवून दांडीला अडकवलेला पंप दिला. त्यांची सायकल माझ्या वयापेक्षा जुनी. नंतर टपरीवर चहा झाला. पैसेही त्यांनीच दिले.

— एक सायकलस्वार, पुणे