चि. मनूस, तोक्योला

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन मध्येच ठेवलास, त्याचा राग नाही. ऑफिसच्या तपासणीत बीपी वरचं 148 आणि खालचं 94 आलं, हे तू हवापाण्यासारखं सांगितलंस. मी अण्णांचं नाव काढलं आणि तू बिनसलीस. आज त्या आकड्यांबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय. रात्रीच्या जेवणाबद्दल लिहितो.

साडेनऊला घरी आल्यावर अंगात त्राण नसतं, मान्य. पण कपातल्या नूडल्सना तीन मिनिटं लागतात, तर या वाडग्याला वीस. पातेल्यात बिनमिठाचं पाणी उकळव. धुतलेलं अंडं सात मिनिटं त्यात ठेवून गार पाण्यात काढ. त्याच पाण्यात 80 ग्रॅम सुका सोबा, म्हणजे त्या कुट्टूच्या नूडल्स, टाक, पाकिटावर लिहिली असतील तेवढी मिनिटं, बहुधा चार-पाच. शेवटची दोन मिनिटं मूठभर सोललेले एदामामे, म्हणजे सोयाबीनचे हिरवे दाणे, फ्रीझरमधलेच. मग सगळं चाळणीत ओतून नळाखाली हाताने चोळून धू, म्हणजे चिकटपणा जातो. तोवर दुसऱ्या शेगडीवर चमचाभर तिळाच्या तेलात तोफू लालसर कर. घट्ट असतो तो मोमेन घे, मऊ किनू तव्यावर मोडतो. अर्धी वडी कागदात दाबून पाणी काढलंस की छान खरपूस होते. रश्शाला दीड कप पाणी, किसलेलं आलं, आणि गॅस बंद केल्यावर एक चमचा मिसो, ती आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट. मिसो उकळलास तर वास उडतो. वरून कांद्याची पात. अंडं, तोफू, एदामामे, सोबा मिळून तीसेक ग्रॅम प्रथिनं पोटात जातात, आणि पोटही जड होत नाही.

मीठ मात्र बघ. नूडल्सच्या कपावर शोकुएन सोतोर्यो, म्हणजे एकूण मीठ किती, ते लिहिलेलं असतं, ते वाचायला तूच मला शिकवलंस. एका कपात पाच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात जेवढं खा म्हणते तेवढं एका बैठकीत. त्यातलं निम्मं रश्शात. निदान रस्सा तरी टाकत जा. आणि फिकट रंगाचा सोया सॉस सौम्य असतो असं समजू नकोस, उसुकुची गडद सॉसपेक्षा जास्त खारट असतो. अण्णांनाही ताटात मीठ वाढून लागायचं, आईने वाढलं नाही तर स्वतः उठून घ्यायचे, आणि शेवटी... असो. फार बोललो. तू एकतीस वर्षांची आहेस, परक्या भाषेत नोकरी करतेस, तुला चमच्याने मीठ मोजून द्यायची माझी काय गरज? माफ कर.

गेल्या चैत्रात आलो होतो तेव्हा स्टेशनवरच्या त्या उभ्याने खायच्या दुकानात तू मला नेलंस. यंत्रासमोर बटणं दाबून तिकिटं काढलीस, आतल्या बाईंशी दोन वाक्यं बोललीस, त्या हसल्या. काय बोललात ते मी विचारलं नाही. माझी मुलगी इथे कुणाची पाहुणी नाही, एवढं कळलं आणि ऊर भरून आला. शेजारचे गृहस्थ फुर्र फुर्र करत सोबा ओढत होते, तसाच खायचा असतो म्हणालीस. तेव्हा मला गच्चीवरच्या शेवया आठवल्या. आजी उन्हात खाटेवर शेवया वाळत घालायची आणि तू राखणीला बसून कच्च्याच मोडून खायचीस, आत्या ओरडेपर्यंत. तेव्हा गाल कसे होते तुझे! व्हिडिओवर आता हाडं दिसतात. आई म्हणते कॅमेऱ्याचा दोष. मला तसं वाटत नाही.

आठवड्यातून तीन रात्री एवढं कर. बाकीच्या रात्री काय खातेस ते विचारणार नाही. डॉक्टरांची वेळ घेतलीस का, तेही विचारणार नाही. घेतली असलीस तर आईला कळव, ती मला सांगेल.

तुझे,
बाबा

ता. क. रश्शासाठी दाशीची, त्या जपानी स्टॉकची, दाणेदार पावडर वापरत असशील तर तिच्यात भरपूर मीठ असतं. त्यापेक्षा सकाळी निघताना कोंबूचा, त्या सुक्या समुद्री शेवाळाचा, तुकडा पाण्यात टाकून फ्रीजमध्ये ठेव, रात्रीपर्यंत रश्शाचं पाणी तयार. आणि बीपी एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून बघ. बसून, पाय जमिनीला टेकवून.