शास्त्रात म्हणजे नेमकं कुठे?

दापोली,
आषाढ वद्य पंचमी

प्रिय नलू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन महिना उलटला. उत्तराला उशीर झाला त्याचं कारण एकच. रात्री मागचं आवरलं की मी काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा तिसरा खंड घेऊन बसते आणि बारा कधी वाजतात कळत नाही. दिवसभर दावे आणि कैफियती वाचून वर रात्री हे धर्मशास्त्र कशाला, असं तू विचारलंस. फोनवर सांगण्यासारखं ते नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

चैत्रात घरी आजोबांच्या जमिनीचं निघालं. खालची भातखाचरं, काजूची बाग आणि राहतं घर. वारस म्हणून थोरले काका, बाबा आणि आत्या अशी तिघांची नावं लागलेली आहेत. काका हक्कसोडपत्राचा मसुदा करूनच आले होते. आत्यानं सही करायची आणि भावांनी तिची साडीचोळीनं पाठवणी करायची. मी म्हटलं, कायद्यानं तिचा भावांच्या बरोबरीचा हिस्सा आहे. काका शांतपणे म्हणाले, "कायद्याचं तू कोर्टात सांग. शास्त्रात बहिणीला हिस्सा नाही. आणि घर थोरल्याचं, हेही शास्त्रच." आत्यानं मान हलवली. नलू, तिला कायदा ठाऊक नाही असं नाही, पंचवीस वर्षं तिनं शाळेत शिकवलंय. पण 'शास्त्र' हा शब्द पडला आणि तिनं पेन हातात घेतलं. त्या दिवशी सही झाली नाही ती केवळ एक साक्षीदार आला नाही म्हणून.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कायद्याचं उत्तर माझ्याजवळ होतं. 1956चा वारसा कायदा, 2005ची दुरुस्ती, सगळं तोंडपाठ. शास्त्राचं उत्तर नव्हतं. शास्त्रात म्हणजे कुठे, कोणी म्हटलंय, हे विचारायची सोय माझ्याजवळ नव्हती, कारण मी कधी तिकडे पाहिलंच नव्हतं. मग इथल्या एका जुन्या वकिलांच्या मुलाकडे गेले. त्यांच्याकडे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा 'हिस्ट्री ऑफ धर्मशास्त्र' पाचही खंडांत आहे. वडिलांनंतर त्या कपाटाला कोणी हात लावला नव्हता, पण त्यांनी आनंदानं पुस्तकं दिली.

काणे आपल्या इथलेच, हे मला आत्ता कळलं याची खंत वाटते. 7 मे 1880ला आजोळी, चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामला जन्मले. घराणं वैदिकांचं, पण वडील इथे दापोलीत वकिली करायचे, आणि मुलगा इथल्याच मिशनच्या शाळेत शिकला. मागच्या रविवारी पेढ्याला जाऊन आले. परशुरामाच्या देवळापाशी उभी राहून खाली वाशिष्ठीचं पात्र पाहिलं. पावसानं सगळं धुरकट झालं होतं. वेदपाठी घर, वकील बाप आणि मिशनची शाळा, हे तिन्ही त्या माणसात शेवटपर्यंत एकत्र नांदले असं मला वाचताना सारखं वाटत राहतं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण पदव्यांची यादी तुला कुठेही मिळेल. विल्सन कॉलेज, संस्कृतची बक्षिसं, मग रत्नागिरीला सरकारी शाळेत मास्तर, तिथून मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूल. नोकरीत डावललं गेल्यावर 1911मध्ये राजीनामा देऊन त्यांनी हायकोर्टात वकिली सुरू केली. पुढच्याच वर्षी एलएल.एम. झाले. काही वर्षं लॉ कॉलेजात शिकवलं. पोटाच्या अल्सरनं त्यांना कित्येक वर्षं छळलं. अशा शरीरानं, दिवसा अशिलांची कामं सांभाळून, त्यांनी साडेसहा हजारांवर पानं लिहिली. पहिला खंड भांडारकर संस्थेनं 1930मध्ये काढला तेव्हा ते पन्नास वर्षांचे होते, आणि शेवटचा भाग 1962मध्ये आला तेव्हा ब्याऐंशी. पुढच्याच वर्षी भारतरत्न मिळालं.

पण मला भुलवलं ते या सगळ्याच्या सुरुवातीनं. एवढा मोठा ग्रंथ लिहायचा त्यांचा बेतच नव्हता. ते नीलकंठ भट्टाच्या 'व्यवहारमयूख' या वारसा-वाटणी-दाव्यांवरच्या ग्रंथाची आवृत्ती तयार करत होते. त्या पुस्तकाला धर्मशास्त्राच्या वाटचालीची एक प्रस्तावना जोडायची होती. ती वाढत गेली, प्रस्तावनेत मावेना. मयूख 1926मध्ये निघाला, आणि न मावलेली प्रस्तावना पुढे पाच खंड झाली. 'मयूख' हे नाव आपण लॉ कॉलेजात परीक्षेपुरतं घोकलं होतं, आठवतं? गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात मयूख वरचढ, बाकी महाराष्ट्रात मिताक्षरा, म्हणजे याज्ञवल्क्यस्मृतीवरची विज्ञानेश्वराची टीका, आधी, एवढं लिहिलं की मार्क मिळायचे. नीलकंठ हा सतराव्या शतकात काशीत बसून लिहिणारा, पण घराणं मूळ आपल्या पैठणचं, हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. आणि त्यानं बहिणीविषयी काय लिहिलंय तेही नाही.

आता ते ऐक. भाऊ निपुत्रिक मेला आणि जवळचे वारस कोणी उरले नाहीत तर मालमत्ता कोणाची? नीलकंठ आजीनंतर बहिणीला उभं करतो. त्याचा युक्तिवाद एखाद्या चांगल्या वकिलासारखा आहे. गोत्रजांना वारसा मिळतो ना? मग बहीण भावाच्याच गोत्रात जन्मली, म्हणजे ती गोत्रज आहे. लग्नानं तिचं गोत्र बदललं, ती सगोत्र उरली नाही, हे तो मान्य करतो. पण वारशाच्या वचनातला शब्द 'गोत्रज' आहे, 'सगोत्र' नाही. एका शब्दाच्या नेमकेपणावर त्यानं बहिणीला दारातून आत घेतलं, आणि इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातल्या बहिणींना याचा खरोखर उपयोग झाला.

आमच्या घरचा प्रश्न मात्र वेगळा. भाऊ हयात आहेत आणि वाटणी बापाच्या मालमत्तेची आहे. तिथे याज्ञवल्क्य म्हणतो की भावांनी आपापल्या हिश्शातून बहिणींना चौथा अंश द्यावा. मनूचंही तसंच वचन आहे. यावर टीकाकारांत केवढा वाद! भारुची म्हणतो, हा हिस्सा नव्हे, लग्नापुरता खर्च द्यायचा एवढाच अर्थ. असहाय आणि मेधातिथी म्हणतात, नाही, खराखुरा अंश. आणि विज्ञानेश्वर, ज्याची मिताक्षरा आपल्या रत्नागिरीत प्रमाण, तो स्पष्ट निकाल देतो: असहाय-मेधातिथींचं व्याख्यानच चतुरस्र, म्हणजे सगळ्या बाजूंनी नेटकं आहे, भारुचीचं नव्हे. 'चतुरस्र' वाचल्यावर मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले. हजार वर्षांपूर्वी मुलीच्या हिश्शावर इतक्या बारकाईनं भांडण झालं होतं, तिच्या बाजूनं निकाल लागला होता, आणि आमच्या ओटीवर त्याचं "शास्त्रात बहिणीला हिस्सा नाही" एवढंच उरलं.

घाईनं आनंदून जाऊ नकोस, मीही गेले होते. ही वचनं लग्न न झालेल्या मुलीसाठी आहेत. लग्न होऊन गेलेली बहीण भावांच्या बरोबरीनं बापाच्या वाटणीत बसते, असं शास्त्र म्हणत नाही. म्हणजे काका अगदीच चूक नव्हते. इथे काण्यांनी माझी परीक्षा घेतली असं म्हणेन. ते विरुद्ध जाणारं वचन कधी दडवत नाहीत. उलट ते आधी ठेवतात. आपण कोर्टात विरुद्ध निवाडा समोरच्यानं काढेपर्यंत गप्प राहायला शिकलो. त्यांना हायकोर्टाचा इतका अनुभव असूनही लिहिताना त्यांनी तसं केलं नाही.

घर थोरल्याचं, या काकांच्या दुसऱ्या म्हणण्याचा मात्र पुरता निकाल लागला. ज्येष्ठाला वाढीव वाटा, म्हणजे उद्धार, एके काळी शास्त्रात होता. विज्ञानेश्वर सांगतो की नियोग, म्हणजे निपुत्रिक स्त्रीनं दिरासारख्या पुरुषापासून मूल घेण्याची जुनी चाल, जसा आता चालत नाही, तसाच उद्धारविभागही चालत नाही. आणि आधार देतो याज्ञवल्क्याचा: "अस्वर्ग्यं लोकविद्विष्टं धर्म्यमप्याचरेन्न तु." धर्मात सांगितलेलं असलं तरी लोकांना ज्याचा तिटकारा आला, ते करू नये. तिसऱ्या खंडाच्या शेवटी काण्यांनी कलिवर्ज्यांवर लिहिलंय ते तू मिळव आणि वाच. पूर्वी धर्म्य असलेल्या आणि पुढे कलियुगाचं कारण देऊन बंद केलेल्या पन्नासहून अधिक गोष्टी. धर्म कधी बदलत नाही असं म्हणणाऱ्यांच्या घरातच बदलाची एवढी मोठी नोंदवही निघाली. काही बदल बायकांच्या वाईटावर होते, तेही ते लपवत नाहीत. विधवेचा पुनर्विवाहही त्याच यादीत वर्ज्य ठरला आहे.

स्वतः काणे नुसते पोथीत बसले नाहीत. पंढरपूरला केशवपन न केलेल्या विधवेला विठोबाच्या पूजेचा हक्क मिळावा म्हणून ते तिच्या बाजूनं उभे राहिले. आणि 1956मध्ये वारसा कायदा मंजूर झाला तेव्हा ते राज्यसभेत नामनियुक्त सभासद होते. आत्याच्या हक्काचा कायदा होत असताना दापोलीच्या शाळेतला हा मुलगा त्या सभागृहाचा सभासद होता, एवढंच मी आत्याला सांगितलं, तर ती कितीतरी वेळ काही बोलली नाही.

एक काम मात्र तुला इतिहासवाली म्हणून फार आवडेल. कात्यायनाची स्मृती मुळात हरवलेली आहे. काण्यांनी नंतरच्या टीका आणि निबंध, म्हणजे वचनांचे संकलनग्रंथ, चाळून, ज्यानं ज्यानं कात्यायनाचं वचन उद्धृत केलं होतं तिथून ते उचलून, व्यवहारावरचे, म्हणजे कायद्या-दाव्यांवरचे, नऊशेवर श्लोक गोळा केले आणि 1933मध्ये छापले. मूळ दस्त गहाळ, पण निरनिराळ्या दाव्यांत लावलेल्या नकलांवरून तो पुन्हा उभा करावा, तसं. आपण एका फेरफारासाठी हे करताना किती मेटाकुटीला येतो! त्या श्लोकांत स्त्रीधन आहे. अग्नीसमोर दिलेलं, माहेराहून निघताना दिलेलं, एकेक प्रकार. आणि स्त्रीधन घेण्याचा वा देऊन टाकण्याचा अधिकार ना नवऱ्याला, ना मुलाला, ना बापाला, ना भावांना. काण्यांनी वेचून ठेवलं नसतं तर हे शब्द दहा ठिकाणी विखुरलेलेच राहिले असते.

सगळंच सरस आहे असं नाही. दुसऱ्या खंडात विधींची वर्णनं पानंच्या पानं चालतात, ती मी सोडून दिली. आणि एक गोष्ट सलते. हा पोथ्यांचा इतिहास आहे. ताम्रपट-शिलालेख त्यांनी पाहिले, तरी विज्ञानेश्वराच्या काळात कोकणातल्या एखाद्या मुलीच्या पदरात खरोखर चौथा अंश पडला का, हे त्या पानांतून हाती लागत नाही. ते काम तुझ्यासारखीनं करायचं. कागद तुम्हा लोकांना वाचता येतात.

वैशाखात काकांकडे खंड घेऊन गेले. भांडायला नाही. खूण घातलेली पानं त्यांच्यासमोर ठेवली, त्यांच्या बाजूचं वचन आधी वाचलं, मग मिताक्षरेचं, मग उद्धाराचं. ते बराच वेळ चष्मा पुसत होते. म्हणाले, "हा भारुची कोण?" मी सांगितलं. नंतर काही बोलले नाहीत, पण काकूनं मला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. हक्कसोडपत्राचा मसुदा अजून त्यांच्या कपाटातच आहे. आत्यालाही मी दोन्ही बाजू सांगितल्या, शास्त्र पुरतं तुझ्या बाजूचं आहे असं खोटं सांगितलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे ठरवायचं मलाच."

तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. पुण्याला गेलीस तर भांडारकर संस्थेत मयूखाची काण्यांची आवृत्ती पाहून बहिणीविषयीची ती दोन-तीन वाक्यं जशीच्या तशी उतरवून पाठव. आणि साहित्य संस्कृती मंडळानं या ग्रंथाचा मराठी सारांश काढला आहे, त्याची प्रत कुठे मिळाली तर घे. आत्याचं इंग्रजी चांगलं आहे, पण हे तिला मराठीत वाचायचंय. ती नारळी पौर्णिमेला माहेरी येणार आहे. तोवर तिसरा खंड माझ्याचकडे ठेवून घेतलाय.

मुलांना आशीर्वाद, काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
वसू