जंतुनाशक नंतर, आधी हात

नागपूर,
२२ मे

प्रिय माधुरी,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. तीस खाटांच्या मेडिसिन वॉर्डाची इन्चार्ज म्हणून तुझी नेमणूक झाली, हे वाचून फार आनंद झाला. कॅथेटर (लघवीची नळी) लावलेल्या रुग्णांना पाठोपाठ लघवीचा संसर्ग होतो आहे, तेव्हा फरशीसाठी कोणते जंतुनाशक मागवावे, असे तू विचारले आहेस. त्याविषयी पुढे लिहिते. पण माझ्या मते तुझ्या वॉर्डातला जंतू फरशीवरून नव्हे, तर हातांवरून फिरतो आहे, आणि शोध तिथूनच सुरू व्हायला हवा.

सकाळच्या इंजेक्शनच्या फेरीत एकदा हाती काही न घेता नुसती उभी राहून पाहा. सिस्टर ग्लोव्हज घालते, एका रुग्णाची कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवलेली नळी, तपासते, खाटेचा कठडा सरकवते आणि त्याच ग्लोव्हजनिशी पुढच्या खाटेकडे वळते. ग्लोव्हज घातले की हात स्वच्छ आहेत असे आपल्याला वाटू लागते. प्रत्यक्षात तिचा हात तेवढा सुरक्षित राहतो, रुग्णाला त्या ग्लोव्हजचे संरक्षण नसते. मायक्रोपोरचा, म्हणजे चिकटपट्टीचा, रोलही पाहा. तो सिस्टरच्या खिशात असतो, सगळ्या खाटांवर फिरतो, आणि त्याचीच पट्टी सुईने नुकत्याच टोचलेल्या जागेवर बसते. हात स्वच्छ करून पट्ट्या त्या त्या रुग्णापुरत्या कापून घेतल्या तर हा प्रवास थांबतो, आणि त्याला खर्च काहीच नाही.

लघवीच्या संसर्गाकडे मात्र तू विशेष लक्ष दे. वॉर्डबॉय मामा एकच जग (भांडे) घेऊन सगळ्या युरोबॅग, म्हणजे लघवीच्या पिशव्या, रिकाम्या करतात का, आणि बॅगेची तोटी त्या जगाच्या काठाला टेकते का, हे आधी बघ. तसे होत असेल तर एका रुग्णाचा जंतू जगाच्या काठावरून दुसऱ्याच्या बॅगेत पोचायला वेळ लागत नाही. प्रत्येक रुग्णाला वेगळे भांडे हवे आणि दोन रुग्णांच्या मध्ये ग्लोव्हज बदलून हात स्वच्छ व्हायला हवेत. बॅग मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता लटकली पाहिजे. सोनोग्राफीला नेताना नातेवाईक ती प्रेमाने उचलून रुग्णाच्या पोटावर ठेवतात आणि नळीतली लघवी उलटी मूत्राशयाकडे वाहते. तेव्हा स्ट्रेचर हलवण्यापूर्वी त्यांना हे समजावून सांगणे आपलेच काम आहे. आणि दर सकाळी राउंडला डॉक्टरांना विचारत जा की या रुग्णाला कॅथेटरची गरज अजून आहे का. गरज संपल्यावरही राहिलेल्या कॅथेटरइतके धोक्याचे दुसरे काही नाही, असे मला वाटते.

हात केव्हा स्वच्छ करायचे, याचे पाच प्रसंग जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहेत: रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक कामापूर्वी, रक्त किंवा स्राव लागण्याची शक्यता आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लागल्यानंतर. शेवटचा प्रसंग सर्वांत जास्त चुकतो, कारण रुग्णाला हात लावलाच नाही, असे सिस्टरला खरोखर वाटत असते. हँडरबने, म्हणजे हातांवर चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावणाने, २० ते ३० सेकंद पुरतात, साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद लागतात. हात दिसण्याइतके मळलेले असतील किंवा रुग्णाला जुलाब होत असतील तर मात्र साबण-पाणीच हवे, कारण जुलाब घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिले या जिवाणूच्या बीजाणूंवर अल्कोहोल चालत नाही.

व्हिएन्नात डॉक्टर सेमेलवाइस यांच्या प्रसूती कक्षात एप्रिल १८४७ मध्ये मातामृत्यूचे प्रमाण १८ टक्क्यांच्या वर होते. क्लोरीनच्या द्रावणाने हात धुण्याचा नियम लागू झाल्यावर जूनपर्यंत ते सुमारे २ टक्क्यांवर आले. तरीही त्यांचे म्हणणे बहुतेक सहकाऱ्यांनी त्या काळी स्वीकारले नाही. पुरावा समोर असला तरी सवय सहज बदलत नाही, म्हणून तुला कळकळीने सांगते, सिस्टरांवर रागावू नकोस. रात्रपाळीला एकटीच्या गळ्यात अख्खा वॉर्ड असताना ती हात धुवायला टोकाच्या बेसिनपर्यंत दर वेळी जाईल, ही अपेक्षाच चुकीची आहे; प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी हँडरबची बाटली असेल, तरच ते घडेल.

आता फरशीचे. १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट पुरेसे आहे, पण ते रोज ताजे बनवावे लागते, आणि रक्त-लघवी आधी टिपून पुसल्याशिवाय वर ओतले तर त्याचा जोर तिथेच संपतो. सफाईच्या मावशींना हे नीट दाखव, नुसते सांगू नकोस.

उन्हाळा आहे, म्हणून कूलरविषयीही लिहिते. आपल्याकडे कूलर लावला की गार हवा जाऊ नये म्हणून खिडक्या बंद करतात. पण आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल तर वॉर्डात दमटपणा वाढतो आणि क्षयाच्या रुग्णाच्या खोकल्यातले कण आतच राहतात. समोरच्या खिडक्या उघड्या ठेव आणि टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासून घे, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या कडांना चिकटलेली असतात.

जंतुनाशकाचे इंडेंट (मागणीपत्र) पाठवण्यापूर्वी एवढे कर: स्टोअरच्या रजिस्टरमधून गेल्या महिन्यात वॉर्डाला किती हँडरब लागले ते काढ. दर १००० रुग्णदिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस दाखल, म्हणजे एक रुग्णदिवस) किमान २० लिटर, असे जागतिक आरोग्य संघटनेचे माप आहे. म्हणजे तुझ्या तीस खाटा भरलेल्या असतील तर दिवसाला ६०० मिलिलिटर. आकडा हाती आला की मला कळव, मेट्रनना, म्हणजे मुख्य परिचारिकांना, द्यायचे पत्र आपण दोघी मिळून लिहू.

तुझी,
सुनंदा