एकच आहे, देऊ?

डोंबिवली,
मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय शुभे,

सात महिने पत्र नाही, फोन नाही, तुझ्या वाढदिवसाला नुसतं केकचं चित्र पाठवलं. काय शिव्या घालायच्या त्या घालून घे आणि मग पुढे वाच. तब्येत बरी. थायरॉईडची गोळी चालू, हिमोग्लोबिन जिथल्या तिथे. आता मुद्द्याचं. गेल्या गुरुवारी घरी ‘ऑफिसचं ट्रेनिंग आहे’ म्हणून सांगितलं आणि मी एकटी माथेरानला जाऊन आले. मिनी ट्रेनने.

हसू नकोस. राण्याला तर मुळीच सांगू नकोस, तो ग्रुपवर टाकेल.

झालं असं की जानेवारीत दोन दिवस सगळ्यांनी माथेरानला जायचं घाटतंय. ह्यांचा बेत तयार : आपल्या गाडीने थेट दस्तुरीच्या गाडीतळावर, तिथून चार पावलांवर अमन लॉज स्टेशन, माथेरानच्या शटल गाडीत बसलं की वीसेक मिनिटांत वर. अथर्वने हिशोब मांडला, नेरळ ते माथेरान एकवीस किलोमीटरला अडीच तासांच्या वर म्हणजे ताशी आठ किलोमीटर, ‘आई, माझी सायकल याहून जोरात जाते.’ आणि सासूबाईंचं एकच, नेरळपासून बसायचं असेल तर मी येते, नाहीतर तुम्ही जाऊन या, मी मांजराला दूध घालीन.

त्यांचं म्हणणं तुला कळेल. लग्न होऊन कल्याणला आल्या तेव्हापासून नाना म्हणत होते, एकदा त्या गाडीत बसवतो तुला. 2005 साली ठरवलं, तर जुलैच्या त्या पावसात रूळच वाहून गेले. गाडी परत सुरू झाली 2007 ला, तोवर नानांचं पहिलं ऑपरेशन. 2016 च्या मे महिन्यात अथर्वच्या सुट्टीत जायचं म्हणून ह्यांनी रजा काढली, तर डबे घसरले आणि गाडी बंद. 2019 च्या पावसाळ्यात पुन्हा मार्गाची वाट लागली. गाडी पूर्ण नेरळपासून सुरू झाली 2022 च्या ऑक्टोबरात. नाना त्याआधीच गेले. ही गाडी 1907 पासून चालतेय म्हणे, पण आमच्या घरावर तिचा काहीतरी डूख आहे.

तर मी नेरळला गेले होते फक्त चौकशीला, खरंच. तिकीट त्या खिडकीवरच मिळतं, गाडीच्या आधी थोडा वेळ, आणि जागा मोजक्या. सासूबाईंचे गुडघे घेऊन किती आधी रांगेत उभं राहायचं, चौघांना एका डब्यात जागा मिळेल का, एवढंच विचारायचं होतं. माझ्या पुढे एक मोठं गुजराती कुटुंब होतं, त्यांचं झाल्यावर मी वाकून तोंड उघडायच्या आत खिडकीतला माणूस म्हणाला, ‘एकच आहे, देऊ?’

मी म्हटलं, द्या.

शुभे, मला माहीत नाही का. पन्नाशीला टेकलेली बाई, खांद्याला ऑफिसची पर्स, डब्यात भेंडीची भाजी. गाडी हलली तेव्हा पोटात कसंतरी झालं, पण खाली उतरावंसं एकदाही वाटलं नाही. दोन फुटी रुळांवर डबा असा डुलतो की समोरच्या माणसाचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागतात. जुम्मापट्टी स्टेशनात काकडी घेतली. त्या चिमुकल्या बोगद्यात पोरं तशीच ओरडली, आपण ओरडलो होतो तशी. आणि मी खिडकीत बसून अडीच तास कुणाचीही आई, सून, काही नव्हते.

वर पोचल्यावर घाबरले. तासभर लाल मातीत इकडेतिकडे केलं, माकडाने पर्सचा पट्टा ओढून शिवण उसवली, चिक्की घेतली, शटलने अमन लॉज, दस्तुरीहून शेअर टॅक्सी आणि नेरळहून कर्जत-सीएसएमटी लोकल. सव्वासातला घरात. चपला नेरळच्या नळावर धुतल्या होत्या, बघ काय डोकं चाललं माझं.

खरी गोष्ट आता. शुक्रवारी सासूबाई माझी पर्स मांडीवर घेऊन पट्टा शिवत बसल्या होत्या. सुईत दोरा ओवायला त्यांना तीनदा लागतं, मी ओवून देऊ का विचारलं तर नको म्हणाल्या. दोरा ओवला, गाठ मारली आणि वर न बघता म्हणाल्या, ‘ट्रेनिंगला माकडं होती का गं?’

मी म्हटलं, पट्टा जुनाच झाला होता. त्या हं म्हणाल्या. तेवढंच.

आता त्यांना कळलंय की ती त्यांची नेहमीची खोच होती? सांगून टाकू म्हणते, तर वाटतं, त्या बिचाऱ्या एवढी वर्षं थांबल्या आणि मी रांगेत उभं राहून सरळ त्यांच्या आधी जाऊन बसले. न सांगावं, तर जानेवारीत ‘अय्या, कित्ती सुंदर’ करायचं नाटक. मला नाटक किती जमतं ते तुला गॅदरिंगपासून माहीत आहे. ह्यांना सांगितलं तर ते म्हणतील, ‘बघ, म्हणजे तू बघून आलीसच, आता कारनेच जाऊ.’

आणि एक. वॉटर पाईप स्टेशनात गाडी थांबली तेव्हा मी उतरले नाही. 1998 ला तू सरबत प्यायला उतरलीस, गाडी सुटली, तू रुळाच्या कडेने धावत शेवटचा डबा पकडलास आणि सहा महिने माझ्याशी बोलली नाहीस. मी तेव्हा म्हटलं होतं, मला दिसलंच नाही. दिसलं होतं गं. खिडकीची जागा तू सकाळपासून सोडली नव्हतीस, म्हणून गप्प बसले. सत्तावीस वर्षांनी कबूल करतेय, आता काय ते कर.

तुझ्या बदलीचं राण्याकडून कळलं. सांगली बरी की वाईट? मनूची दहावी आहे ना यंदा, तिला माझा आशीर्वाद. तिला गणितावरून बोलू नकोस, तुझं स्वतःचं आठव. तुझ्या भावाचं काय झालं ते सविस्तर लिही.

आणि जानेवारीत नेरळला येशील का? रांगेत उभं राहायला माझ्या बाजूचं एक माणूस हवंय. खिडकी तू घे.

तुझीच,
वासंती

ता.क. चिक्कीचा पुडा रव्याच्या डब्यामागे लपवलाय. उद्या तुला कुरियर करते, अथर्वला रव्याचा शिरा खायचाय.