नीलवंतच्या बागेसाठी कळकळीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

टेकडीच्या पायथ्याची आपली फुलपाखरू बाग सर्वांना ठाऊक आहेच. जिथे एकेकाळी राडारोडा पडायचा, तिथे आज पावसाळ्यात तळहाताएवढा निळा-काळा नीलवंत फिरतो, याचा मंडळाला अभिमान आहे. भारत आणि श्रीलंकेतले हे फुलपाखरू. महाराष्ट्राने २०१५ साली त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला आणि असा मान देणारे आपले राज्य देशात पहिले ठरले.

बागेचे श्रेय सुरुवातीच्या मंडळींचे. नर्सरीवाल्या काकांनी माकडलिंबूची रोपे एक पैसा न घेता दिली, वर पहिला उन्हाळाभर स्वतःच्या टेम्पोतून पाणी आणले. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या आजींनी पपनसाची रोपे आणि जास्वंदीच्या फांद्या दिल्या. शाळेतल्या मुलांनी पाट्या रंगवल्या, कारण नीलवंतची कोवळी अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि लोक ती झटकून टाकतात. मोठी झाली की हीच अळी हिरवीगार होते. डिवचली तर डोक्यामागून लाल, दुहेरी शिंग काढून उग्र वास सोडते. या सर्वांचे ऋण न फिटणारे आहे.

मादी अंडी घालते ती लिंबू, पपनस, माकडलिंबू अशा लिंबाच्या कुळातल्या झाडांवर. ती झाडे नसतील तर फुलझाडे कितीही लावा, नीलवंत वाढणार नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र कुणीतरी पपनसावर कीटकनाशक फवारले. रेशमाच्या धाग्याने कमरेशी बांधलेले कोश फांदीवरच काळे पडले. सभेत विषय काढला, तर ‘अळ्यांसाठी कसली वर्गणी?’ असे म्हणून पुढचा विषय घेतला गेला. मनाला फार लागले. नीलवंतचे फोटो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये आहेत, पाणी घालायला मात्र तीच चार माणसे येतात.

आता टाकी फुटली आहे, ठिबकच्या नळ्या कुजल्या आहेत, पाऊस तोंडावर आहे. खर्च अंदाजे ४० हजार. रोख/चेक मंडळाच्या कार्यालयात, सायं. ६ ते ८ (सोमवार बंद). लिंबू, पपनस, माकडलिंबूची रोपेही चालतील, फवारलेली नकोत. श्रमदान दर रविवारी सकाळी ७, खुरपे आणावे. लिंबावर अळ्या दिसल्यास औषध मारू नये, आधी आम्हाला कळवावे. पावती आवर्जून घ्यावी.

आपला नम्र,
सचिव